पाऊल पडलं की सोड

सिद्धार्थने घणाचा पहिला घाव घातला तेव्हा भिंत फुटली नाही, आत दबली. भिजलेल्या जिप्रॉकचं, जिप्समच्या पातळ भिंतीचं, असंच होतं, चहात बुडवलेल्या पावासारखं. दुसऱ्या घावाला घण आरपार गेला आणि पोकळीत साचलेलं तपकिरी पाणी त्याच्या छातीवर उडालं. त्याने ते पुसलंही नाही. त्या शनिवारी आमच्या कबड्डी क्लबच्या शेडमध्ये बरेच जण फावड्यांनी गाळ ओढत होते, पण त्याच्या घणाच्या टप्प्यात कोणी जात नव्हतं.

"सिद्धू, बास. तो खांब आहे," मुरलीकाका ओरडले. "छप्पर खाली येईल."

"येऊ दे."

मुरलीधरकाका आमच्या, देश सोडून इथे आलेल्या मराठी पोरापोरींच्या, क्लबचे कोच. दिवसा पॅरामॅटाला बँकेत बसतात आणि संध्याकाळी आम्हाला तुडवतात. एरवी त्यांच्यासमोर सिद्धार्थ 'हो काका' याच्यापुढे बोलला नसता. पण पूर त्याच्या मोठ्या भावाला, विवेकला, घेऊन गेला होता, आणि तेव्हापासून त्याला कोणी काही बोलत नव्हतं.

तेवढ्यात हृषिकेश दारात आला. हातात रबरी मोजे, पायात गमबूट. अंत्यविधीनंतर तो पहिल्यांदाच क्लबवर येत होता. फावडी एकेक करून थांबली. सिद्धार्थने मागे पाहिलं, घण सोडून दिला आणि सरळ चालत गेला. धावला नाही, ओरडला नाही. पहिला ठोसा हृषिकेशच्या तोंडावर बसला. हृषिकेश गाळात आडवा झाला आणि सिद्धार्थ त्याच्या छातीवर बसून मारत राहिला. ओठ फुटला, मग भुवई. चिखलात मिसळलेलं रक्त लाल दिसत नाही, काळं दिसतं, हे मी तेव्हा पाहिलं. हृषिकेशने हात वर केले नाहीत. मोजे घट्ट धरून तो नुसता पडून होता, आणि त्याने सिद्धार्थ आणखी पिसाळला.

"मार ना साल्या! हात आहेत ना तुला? का तेही सोडलेस?"

काकांनी आणि मी त्याला काखेत हात घालून मागे ओढलं. माझ्या बरगडीत त्याचं कोपर बसलं, ते नंतर बरेच दिवस दुखत होतं.

"इथे पाय ठेवायचा नाही," सिद्धार्थ धापा टाकत म्हणाला. "नाहीतर असं कर, नवीन मॅट येईल त्या दिवशी ये. माझ्या शेजारी उभा राहा. ज्या हाताने विवेकला सोडलंस ना, तो मोडतो मी. सगळ्यांसमोर."

हृषिकेश उठून बसला. तोंडातलं रक्त बाजूला थुंकला. "येईन," तो म्हणाला.

मग त्याने फावडं उचललं आणि दुसऱ्या टोकाचा गाळ ओढायला लागला.

विवेक गेला त्या दुपारी सिद्धार्थ ब्लॅकटाउनला वेअरहाउसच्या शिफ्टला होता. आम्ही इथे होतो. आमचं मैदान रिव्हरस्टोनच्या पलीकडे, क्रीकच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी. मोठी नदी चढली की तिचं पाणी आमच्या क्रीकमधून उलटं वर येतं. ते हळूहळू चढतं आणि माणसाला वाटतं की वेळ आहे. आम्हालाही वाटलं. क्रीककडे बघत आम्ही खुर्च्या, जर्सी, फर्स्ट एडचा डबा गाडीत भरत होतो. पण पाणी क्रीकच्या बाजूने आलंच नाही. पाठीमागच्या रस्त्याचा भराव फुटला आणि तिकडून मैदानावर लोंढा धावत सुटला. शेडचं शटर पत्र्याच्या डब्यासारखं आत चेपलं. नवीन मॅटचे चौकोन एकेक करून तरंगत बाहेर पडायला लागले. त्या मॅटसाठी आम्ही दोन वर्षं गणपतीत वडापावचे स्टॉल लावले होते.

"साखळी करा!" काका म्हणाले.

आम्ही कबड्डीवाले. साखळी म्हटल्यावर विचार करावा लागत नाही. काकांनी व्हरांड्याचा खांब धरला, त्यांचा दुसरा हात मी, माझा हृषिकेशने, आणि त्याचा विवेकने. विवेक टोकाला, कारण तो आमचा उजवा कोपरा होता. मॅटवरही तो टोकालाच असायचा, आणि हृषिकेश त्याच्या शेजारी. बारा वर्षांची जोडी. पुण्यात कॉलेजात असल्यापासूनची.

पाणी मांड्यांपर्यंत होतं. विवेकने तीन चौकोन पकडून मागे ढकलले. चौथा जरा लांबून चालला होता. "सोडतो का मी तुला, ये इकडे," विवेक त्या चौकोनाला म्हणाला आणि हसत त्याने पुढे झेप घेतली. माझे डोळे हृषिकेशच्या हातावर होते, कारण मला माझी पकड सांभाळायची होती. विवेकला धरलेल्या हाताची बोटं उघडली. मग शटरमधून क्लबचा आडवा फ्रीझर बाहेर आला, पाण्यावर गोल फिरत, आणि त्याचा कोपरा विवेकच्या डोक्यावर बसला. आवाज आला. तो आवाज मी इथे लिहिणार नाही.

हृषिकेश त्याच्या मागे जायला निघाला होता. मी त्याचं मनगट सोडलं नाही. त्याने मला चावायचा प्रयत्न केला, माझ्या दंडावर अजून वण आहे. पाणी ओसरल्यावर विवेक खालच्या शेताच्या तारेच्या कुंपणात सापडला.

पोलिसांनी मला विचारलं, हात निसटला का? मी जे पाहिलं ते सांगितलं. निसटला नाही. हात आधी उघडला, फ्रीझर नंतर आला. सिद्धार्थने विचारलं तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. खोटं सांगून त्याला बरं वाटलं असतं, पण ते मला जमत नाही.

"म्हणजे घाबरला," सिद्धार्थ म्हणाला.

"ते मला माहीत नाही. मी हात पाहिला, मन नाही."

त्या मारामारीनंतर हृषिकेशला मी वेगळं गाठून विचारलं. पेंडल हिलला मी एका फिजिओकडे काम करते. फुटलेली भुवई शिवून झाल्यावर तो मानेसाठी तिथे आला होता. म्हणाला, "सोडला मी. का ते माहीत नाही. भीती वाटल्याचं आठवत नाही, पण वाटली असेल. नाहीतर कोण सोडतं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी युनीत एक्सरसाइज सायन्स शिकले. घाबरलेला माणूस पाण्यात हात सोडत नाही, उलट आवळतो. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला खाली ओढतो तो त्यामुळेच. मग हृषिकेशची बोटं उघडली कशी, आणि तीही नेमकी विवेक झेपावला त्या क्षणी?

उत्तर मला ब्लॅकटाउनच्या एका बागेत मिळालं. शेड तयार होईपर्यंत आम्ही तिथल्या गवतावर सराव करत होतो. काका नव्या पोरींना साखळी शिकवत होते. चढाईला आलेल्या खेळाडूला एकट्याने धरणं अवघड, म्हणून बचाव करणारे दोघं दोघं हात धरून हलतात. पण शेवटची झेप एकट्याची असते. कोपऱ्यातल्याने घोटा पकडायला उडी मारली की शेजाऱ्याने त्याच क्षणी हात मोकळा करायचा, नाहीतर दोघंही आडवे.

"सुखदा, मेलीस!" काका एका मुलीच्या मनगटावर फटका मारत ओरडले. "बघत काय बसतेस? विचार करायचा नाही. शेजारणीचं पुढचं पाऊल पडलं की सोड. परत! पाऊल पडलं की सोड!"

फटका. परत. फटका. परत. आम्ही सगळे त्या फटक्यांवर वाढलो होतो. हृषिकेशने बारा वर्षं विवेकच्या पावलावर हात सोडला होता, हजारो वेळा, आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या होत्या. पाण्यात विवेक झेपावला. पाऊल पडलं. हाताने त्याचं काम केलं.

मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "साखळी करा असं मीच म्हणालो होतो गं," आणि शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. त्या दिवशीचा सराव मी संपवला.

सिद्धार्थला सांगितलं तर तो हसला. "मस्त. म्हणजे माझा भाऊ रिफ्लेक्सने मेला. रिसर्च पेपर लिही, नुपूर."

"मी तुला पटवायला आले नाही."

"मग कशाला आलीस? हात माझाही आहे. मीही तेच शिकलोय. मी नसता सोडला."

"तुला काय माहीत?"

त्याने त्याच्या गाडीच्या दारावर लाथ मारली. दार चेपलं. "मॅट येऊ दे," तो म्हणाला.

मॅट आली. शेडला नवीन भिंती लागल्या होत्या, रंगाचा वास येत होता आणि शटरच्या जागी जाड लोखंडी दार बसवलं होतं. ब्लॅकटाउनच्या एका हरियाणवी क्लबला आम्ही पहिल्या सामन्याला बोलावलं. काकांनी नारळ फोडला, सगळ्यांनी वाकून मॅटला हात लावून कपाळाला लावला. सिद्धार्थ कोणाला न विचारता उजव्या कोपऱ्यात, विवेकच्या जागेवर, जाऊन उभा राहिला. हृषिकेश त्याच्या शेजारच्या जागेवर आला. भुवईवर नवी गुलाबी खूण होती. त्याने उजवा हात पुढे केला.

काका पुढे व्हायला लागले. मी त्यांना अडवलं नाही, पण ते आपणहून थांबले.

सिद्धार्थने तो हात धरला. पहिल्या चढाईपासून तो पिळायला लागला. बाहेरून बघणाऱ्याला कळलं नसतं. साखळी हलते, हात हलतात. मी बोटांकडे बघत होते. करंगळी आधी मागे गेली, मग अनामिका. दुसऱ्या चढाईत करंगळी सांध्यातून निघाली, हे मला तिच्या कोनावरून दिसलं. हृषिकेशच्या कानशिलावरून घाम वाहत होता. त्याने हात काढून घेतला नाही.

"ओरड ना," सिद्धार्थ पुटपुटला. "सोड ना. सवय आहे तुला."

तिसऱ्या चढाईला त्यांचा सर्वांत दांडगा गडी आला, रुद्र नावाचा, ट्रक चालवतो. 'कबड्डी कबड्डी' करत तो उजव्या कोपऱ्याकडे वळला आणि बोनससाठी त्याने पाय लांबवला. घोटा सिद्धार्थच्या समोर आला. त्या क्षणी सिद्धार्थ सगळं विसरला असणार, कारण त्याचा चेहरा एकदम रिकामा झाला, विवेकचा व्हायचा तसा. त्याचं पुढचं पाऊल पडलं. तो झेपावला.

हृषिकेशने हात सोडला नाही.

सिद्धार्थचं धड पुढे गेलं आणि डावा हात मागेच राहिला. खांदा निखळला तो आवाज शेडच्या नव्या भिंतींवर आपटून परत आला. रुद्रचा गुडघा त्याच्या हनुवटीवर बसला, दात जिभेत घुसले, आणि तो तोंडावर पालथा पडला. पिवळ्या मॅटवर लाल रक्त पसरलं. इथे ते लालच दिसत होतं. सिद्धार्थ किंचाळत होता. आणि हृषिकेश मॅटवर ओढला जाऊनही त्याचा हात दोन्ही हातांनी धरून पडला होता, निखळलेल्या करंगळीसकट.

"हृषी, सोड!" मी ओरडले. "सोड, खांद्यावर ताण येतोय!"

"नाही सुटत," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "नुपूर, नाही सुटत गं."

काका धावत आले, त्यांनी एकेक बोट उकलायचा प्रयत्न केला. पोलादासारखी बोटं. सिद्धार्थने रक्ताने भरलेलं तोंड वळवलं.

"मूर्खा," तो म्हणाला. जीभ सुजत चालल्यामुळे शब्द जड येत होते. "पाऊल पडलं ना माझं? पाऊल पडलं की सोडायचं असतं."

आपण काय बोललो ते त्याला आधी ऐकू आलं असावं आणि मग कळलं असावं, कारण त्याने हृषिकेशच्या हाताकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. किंचाळणं थांबलं होतं. नंतर तो रडायला लागला, लहान मुलासारखं, मोठ्याने, विवेकच्या अंत्यविधीलाही तो असा रडला नव्हता.

ॲम्ब्युलन्सवाल्या बाईने त्याला वेदनाशामक वाफेची हिरवी नळी ओढायला दिली. "You can let go now, mate," ती हृषिकेशला म्हणाली. तेव्हा कुठे बोटं सुटली.

त्यानंतर बरेच आठवडे दोघंही खेळले नाहीत. मी सिद्धार्थच्या खांद्याचे व्यायाम घ्यायचे. तो हृषिकेशबद्दल काही बोलायचा नाही आणि मी विचारायचे नाही. मग एका रविवारी मी शेडवर लवकर गेले, तर मॅटवर ते दोघंच होते. सिद्धार्थचा डावा हात अजून झोळीत. त्याने उजवा पुढे केला होता.

"धर."

हृषिकेशने धरला. सिद्धार्थने पुढे उडी घेतली. हात सुटला नाही. दोघं धाडकन आपटले. सिद्धार्थ शिवी देत उठला, त्याने हृषिकेशच्या नडगीवर सणसणीत लाथ मारली आणि मनगटावर फटका.

"पाऊल पडलं की सोड. परत."

पुन्हा आपटले. पुन्हा लाथ. हृषिकेशच्या नाकातून रक्त आलं, ते त्याने बाहीला पुसलं.

"परत," सिद्धार्थ म्हणाला, आणि हात पुढे केला.