वर्ज्य म्हणजे काय

सासरेबुवांचा लाडका शब्द एकच: वर्ज्य. सुनेनं मोठ्यानं बोलणं वर्ज्य, दुपारी आडवं होणं वर्ज्य आणि जेवताना हसणं तर अगदीच वर्ज्य. स्वतःला मात्र सगळं माफ. मोठे आले नियम सांगणारे! सून लग्न झाल्यापासून मूग गिळून होती.

आज डॉक्टरांनी सासऱ्यांचा रक्तदाब पाहिला आणि तिच्यादेखत बजावलं, "काका, वरून मीठ वर्ज्य."

घरी जेवायला बसताच म्हाताऱ्याचा हात मीठदाणीकडे गेला.

"बाबा, वर्ज्य ना?"

"अगं, वर्ज्य म्हणजे अगदी बंदच असं थोडंच असतं? जरा तारतम्य ठेवावं माणसानं."

"अस्सं होय!" म्हणत तिनं मीठदाणी स्वतःकडे ओढली आणि हातातला घास तसाच धरून ती त्यांच्या तोंडावर खदाखदा हसली.