कोथिंबिरीची पहिली पाने

कोथिंबिरीची पहिली दोन पाने कोथिंबिरीसारखी दिसत नाहीत. ती लांबट आणि अरुंद असतात आणि त्यांच्या कडेला एकही काप नसतो. कातरलेल्या कडांचे खरे पान नंतर, त्या दोन पानांच्या मधून वर येते. तोपर्यंत माहीत नसलेल्या माणसाला ते रोप गवतच वाटते. एक पान चुरगळून नाकाशी नेले, तरच ओळख पटते.

मित्रांनो, हे मला कोणी समोर बसवून शिकवले नाही. माझ्यावर वाकून एक माणूस इतरांना ते सांगत असे, तेव्हा मी ऐकले. मी एनॅमलचा जुना ट्रे आहे, पांढरा, निळ्या काठाचा. इंदुरात मल्हारगंजच्या एका गल्लीत, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर आहे. त्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत माझी जागा आहे. माझ्या एका बाजूला पुदिन्याचा मग आहे, दुसऱ्या बाजूला ओव्याच्या पानांची कुंडी. त्या दोघांत हिरवे काहीतरी आहे. माझ्यात फक्त माती आहे. ती कोरडी होऊन माझ्या कडांपासून सुटली आहे. असे का झाले, तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म पत्र्याचा. पत्रा दाबून मला आकार दिला, काचेच्या पुडीचा लेप दिला आणि भट्टीत घातले. लेप वितळून माझ्या अंगाला असा चिकटला की शाई, आम्ल, कशाचाच डाग माझ्यावर टिकेना. म्हणून मी एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे मुले माझ्यात मुळे धूत, कांद्याचे पापुद्रे भिजवत, कधी मला सिंकमध्ये आपटत. काठाचे टवके तेव्हाच उडाले. बाळकृष्ण सर त्या मुलांचे शिक्षक. ते मुलांवर ओरडत नसत. टवका उडालेल्या जागी बोट ठेवून म्हणत, "इथून आता गंज सुरू होईल. आपण फक्त बघत राहायचं."

पुढे प्लॅस्टिकचे ट्रे आले आणि आम्ही जुने कोपऱ्यात पडलो. सर निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी रीतसर विचारून मला घरी आणले. गल्लीच्या तोंडाशी गजानन भियाचे, म्हणजे गजाननभाऊचे, पत्र्याच्या कामाचे छोटे दुकान आहे. सरांनी मला त्याच्यापुढे ठेवले.

"तळाला भोकं पाडून दे. पाणी निघून गेलं पाहिजे."

गजाननने मला उलटा करून बघितले. "सर, पाडून देतो, पण पपडी उडेल हां याची. मग मला बोलू नका, की गजाननने सत्यानाश केला."

"उडू दे. पाणी साचलं तर मुळं कुजतात. त्यापेक्षा पपडी बरी."

लेपाची पपडी उडाली. त्या दिवसापासून मी प्रयोगशाळेचा राहिलो नाही, खिडकीचा झालो.

या घरातली पेरणीची पद्धत तुम्हाला सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच घडले. सर बी कधी विकत आणत नसत. मसाल्याच्या फळीवरून धन्यांचा स्टीलचा डबा उतरवायचे. मूठभर धने वाटीत घेऊन बत्त्याने हलके रगडायचे, एका धन्याचे दोन भाग होतील इतकेच. "धना म्हणजे बी नव्हे, फळ आहे. आत दोन बिया असतात, त्यांना आधी वेगळं करा," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पेरून झाले की वाटीत उरलेले पुन्हा डब्यात. या घरात काही वाया जात नसे. सरांच्या पत्नी यशोधराबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवत. त्यांनाही हे पसंत होते.

ते माझे चांगले दिवस होते. सकाळचे ऊन माझ्यावर सरळ पडत असे. रविवारी मुलगा अश्विन, सून रुची आणि नात संहिता नव्या वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटमधून यायची. मग पोहे व्हायचे आणि माझ्यातली कोथिंबीर कात्रीने कापून वर पडायची. "बाबांच्या ट्रेची कोथिंबीर," असे रुची म्हणायची, आणि मला आतून भरून यायचे.

एका सकाळी पहिली पाने नुकतीच वर आली होती. सर खिडकीशी आले, माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि एकेक रोप चिमटीत धरून उपटू लागले.

"अहो, काय करताय?" यशोधराबाईंनी हातातले भांडे ओट्यावर ठेवले.

"गवत किती माजलंय बघ. कोथिंबीर येणार कुठून यात?"

मित्रांनो, ज्या माणसाने वर्षानुवर्षे मुलांना त्या पानांची ओळख करून दिली, तोच हे बोलत होता. यशोधराबाईंनी उपटलेल्या रोपांतले एक उचलले, चुरगळले, वास घेतला आणि मग ती मूठभर रोपे ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. थोड्या वेळाने कचरा गाडी गाणे वाजवत आली. बादली घेऊन त्या स्वतः खाली गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी धन्यांचा डबा उतरवला आणि गुपचूप पुन्हा पेरणी केली.

ती रोपेही सरांनी उपटली. त्यानंतरचीही.

मधल्या काळात आणखी गोष्टी होऊ लागल्या. सर मला पाणी घालत, वळत, आणि पुन्हा पाणी घालत. मला भोके होती म्हणून मी तरलो. पुदिन्याच्या मगाला भोक नव्हते. तो दोनदा कुजला. एकदा सर जिना उतरून गेले आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, त्या जुन्या समाध्यांजवळ, बसलेले सापडले. अश्विनने त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी नाव सांगितले ते विस्मरणाच्या आजाराचे. तो वाढत जातो, मागे फिरत नाही, हेही सांगितले.

त्यानंतरच्या रविवारी अश्विन ओट्याला टेकून हळूच म्हणाला, "आई, बायपासच्या पलीकडे एक जगह आहे. अशाच लोकांना सांभाळतात. नर्स असतात, बगीचा आहे. तू एकदा बघून तर ये ना यार."

"माझा नवरा मी दुसऱ्याच्या घरी ठेवू?"

"ठेवायचं कुठं म्हणतोय मी? बघ म्हणतोय. रात-दिन तू एकटी किती करशील?"

यशोधराबाईंनी माझ्याकडे बोट केले. नुकतीच पेरणी झाली होती. "ही कोथिंबीर निघू दे. मग बघू."

हे उत्तर त्यांना फार सोयीचे पडले. कोथिंबीर निघायची वेळ येतच नव्हती. सर उपटत, त्या पेरत, आणि दर रविवारी मी नुकताच पेरलेला असे. माझी काळी माती दाखवून त्या निर्णय पुढे ढकलत राहिल्या. पोह्यांवर घालायला बाजारातून जुडी येऊ लागली.

शेवटी अश्विनने विचारलेच. "आई, काय चक्कर आहे? इतके दिवस झाले, याच्यात काहीच नाही निघत?"

खरे सांगायला तेवढा एक क्षण होता. सर दाराशीच उभे होते. यशोधराबाईंनी त्यांच्याकडे बघितले आणि म्हणाल्या, "बी जुनं झालंय रे. उगवतच नाही."

"तो फिर! मसाल्याच्या धन्यांत काय दम असणार? मी चांगलं बी आणतो."

पुढच्या रविवारी त्याने शेतीच्या दुकानातून पाकीट आणले. आतले धने गुलाबी होते. मातीतली बुरशी लागू नये म्हणून पेरणीच्या बियाण्याला औषध चोळतात, आणि कोणी चुकून खाऊ नये म्हणून त्याला रंग देतात. पाकिटावर तसे लिहिलेही होते. सरांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचले. संहिताला बजावले, "हे विषारी असतं बरं का. तोंडात घालायचं नाही." त्या वेळी ते अगदी पूर्वीचे सर होते. अश्विनच्या चेहऱ्यावर समाधान दिसले.

दोन दिवसांनी सरांनी ते बी वाटीत घेतले, बत्त्याने हलके रगडले आणि माझ्यात पेरले. हात सगळे बरोबर चालत होते. माती किती सारायची, पाणी किती शिंपडायचे, बोटे काहीच विसरली नव्हती. वाटीत बरेच उरले होते. यशोधराबाई खाली दूध घ्यायला गेल्या होत्या. सरांनी फळीवरून धन्यांचा डबा उतरवला, उरलेले गुलाबी धने त्यात ओतले, झाकण घट्ट लावले आणि डबा जागेवर ठेवला. वाटी धुऊन पालथी घातली.

मी ते पाहिले. भट्टीतून निघाल्यापासून मला बोलता येत नाही याचे कधी वाईट वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले.

शनिवारी यशोधराबाईंनी जिरावण करायला घेतले. पोह्यांवर भुरभुरायचा हा मसाला त्या घरीच करत, कारण संहिताला तोच लागे. सर सारखे जिन्याकडे निघत होते, म्हणून यशोधराबाईंचे अर्धे लक्ष दाराकडे होते. डब्यातून धने कढईत पडले. मिरची, जिरे, बडीशेप पडली. भाजल्यावर सगळेच तांबूस दिसते. मिक्सर फिरला. मी खिडकीत होतो, हाताच्या अंतरावर.

रविवारी पोहे झाले. संहिताने बशी पुढे केली. "आजी, मला जिरावण ज्यादा. और थोडा. अजून!"

"पुरे गं, जीभ भाजेल."

सगळ्यांनी खायला सुरुवात केली. सर मात्र बशी बाजूला ठेवून माझ्याकडे आले. त्यांना वाटले पेरणी राहिली आहे. त्यांनी डबा उतरवला, मूठभर धने घेतले आणि न रगडताच माझ्यावर पसरले. काही नेहमीचे, तपकिरी. काही गुलाबी.

यशोधराबाई पाण्याचा तांब्या घ्यायला वळल्या आणि थांबल्या.

"हे कुठून घेतलंत?"

"डब्यातून. नेहमी घेतो तिथून."

त्यांनी डबा ओट्यावर उपडा केला. मग त्या मुलांकडे धावल्या. संहिताच्या हातातली बशी त्यांनी अशी ओढली की ती भिंतीवर जाऊन आदळली. "थुंक! थुंकून टाक सगळं! अश्विन, रुची, खाऊ नका, कोणी खाऊ नका!" आणि त्यांनी आपले बोट नातीच्या तोंडात घातले.

अश्विन आणि रुचीने संहिताला दवाखान्यात नेले. तिला उलट्या झाल्या. डॉक्टरांनी तिला सलाइन लावून दिवसभर नजरेखाली ठेवले. पोटात फार थोडे गेले होते, म्हणून संध्याकाळी घरी सोडले. हे मला नंतर कळले. दिवसभर त्या स्वयंपाकघरात सर, यशोधराबाई आणि मी, एवढेच होतो. फरशीवर पोहे तसेच पडलेले होते. त्यांवर मुंग्या आल्या. यशोधराबाई खुर्चीत बसून होत्या. सर अधूनमधून विचारत, "मुलं आज आली नाहीत का गं?"

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. ट्रेला नवा रंग देऊन गंज थांबत नाही. तो रंगाच्या खाली वाढत राहतो आणि एक दिवस तळ हातात येतो. तुमच्या घरात कोणी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असेल, ओळखीची वस्तू ओळखत नसेल, तर त्याला हसू नका, आणि मोठी माणसे ते झाकत असतील तर त्यांना एकटे झाकू देऊ नका. जे दिसले ते बोला. तुम्हाला बोलता येते.

दिवेलागणीला अश्विन एकटाच आला. त्याच्या शर्टावर उलटीचा डाग होता. तो ओरडला नाही. माझ्यासमोर उभा राहिला, एक गुलाबी धना बोटांत धरला आणि म्हणाला, "आई, बी जुनं नव्हतं ना?"

"नव्हतं." यशोधराबाईंचा आवाज कोरडा होता. "उगवत होतं. दर वेळी उगवत होतं. हे उपटत होते, आणि मी तुला खोटं सांगत होते."

सर आतून आले. मुलाला बघून त्यांना आनंद झाला. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे उघड्यावर कोणी टाकलं? औषध लावलेलं बी आहे. घरात लहान मुलगी येते, एवढं कळू नये?"

अश्विनने मान फिरवली. सरांनी ओट्यावरचा तांब्या उचलून माझ्यावर तिरका केला. "बरं, पडलंच आहे तर पाणी घालतो. निघेल कोथिंबीर."

यशोधराबाई उठल्या. त्यांनी सरांच्या हातातून तांब्या घेतला आणि ओट्यावर ठेवला. मग त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तळव्यांना अजून गुलाबी रंग होता. त्या अश्विनशी बोलल्या नाहीत. ज्याला आजवर कोणीच काही सांगितले नव्हते, त्याच्याकडेच सरळ बघत त्या म्हणाल्या,

"अहो, आता पेरायचं नाही. बायपासच्या पलीकडे एक घर आहे, तुम्हाला तिथं राहायचंय. माझ्याशिवाय. उद्या मी स्वतः तुम्हाला तिथं घेऊन जाणार आहे."