चौथ्या कडव्याची चाल

देवाने मला डोळे दिले, हात दिले, घाटात गाडी सांभाळायची अक्कल दिली. गळा द्यायच्या वेळी मात्र त्याचा हात आखडला. हे माझं मत नाही, माझ्या बायकोचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी महाडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी उपासनेतलं गीत इतक्या मोकळ्या आवाजात म्हटलं की पुढच्या सतरंजीवरचं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. घरी आल्यावर प्रियदर्शिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही नुसते ओठ हलवत जा. प्रभूला मनातलंही ऐकू येतं."

मग मी चौतीस वर्षं ओठ हलवले.

ती नगरकडची, आमच्या पोलादपूरजवळच्या वाडीत बालवाडीची बाई म्हणून आली होती. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. कुणाला विणकामाचा नाद असतो, कुणाला रांगोळीचा. हिला गाणी रचायचा होता. बालवाडीच्या जुन्या वह्यांची मागची कोरी पानं ती त्यासाठी राखून ठेवायची. शब्द वहीत आणि चाल डोक्यात. मंडळीत तिने स्वतःचं गाणं कधी म्हटलं नाही. "ते आपलं चुलीपुरतं," म्हणायची. मंडळीत छापील पुस्तकातली गीतं म्हणायची आणि घरी भाकरी थापताना स्वतःची.

त्यातलं एक गाणं रोजचं होतं. 'उजाडले रे दयाळा, चूल माझी पेटली.' मी एसटीत ड्रायव्हर. पोलादपूर स्टँडवरून पहाटेची खेडची गाडी काढायची आणि कशेडी घाट चढायचा. आता बोगदा झालाय, तेव्हा एकेक वळण हाताने काढावं लागायचं. तिसरी भाकरी तव्यावर पडेपर्यंत तिची तीन कडवी व्हायची, तोवर माझा डबा भरलेला असायचा. मी बूट घालता घालता म्हणायचो, "बाईसाहेब, रेडिओ बंद करा, निघतो." ती हसायची. मी कधी ते गाणं नीट बसून ऐकलं नाही. रोजचं तर आहे, म्हणायचो.

गेल्या नोव्हेंबरात तिच्या छातीत कळ आली. महाडच्या डॉक्टरांनी पनवेलला न्यायला सांगितलं. पण कपडे, कागद घ्यायला आम्ही अॅम्ब्युलन्स आधी वाडीवर आणली आणि तिथून निघालो. मी तिच्या उशाशी बसलो होतो. पण आयुष्यभराची खोड. समोर काचेतून रस्ता दिसला की माझी नजर तिकडेच. ड्रायव्हर पोरगा गाडी फार दामटतोय, हा ट्रक त्याने ओलांडायला नको होता, असं माझं मनात चाललेलं. माणगावच्या अलीकडे मी तिच्याकडे वळून पाहिलं तर ती गेलेली होती. कधी गेली, मला माहीत नाही. सव्वापाच वाजले होते आणि मी रस्त्याकडे बघत होतो.

याबद्दल मी कुणाशी बोललो नाही.

या वर्षी तिच्या स्मरणाच्या उपासनेचं ठरवायला पाळकसाहेब घरी आले, तेव्हा टेबलावरची तिची वही त्यांनी उघडली, तर 'उजाडले रे दयाळा'चंच पान निघालं. वाचता वाचता चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अनिलराव, त्या दिवशी प्रियदर्शिनीबाईंचं हेच गीत मंडळीने म्हणायचं. चाल कोणती आहे?"

"सांगतो," मी म्हणालो खरं. चाल तिच्या डोक्यात होती आणि ऐकली होती फक्त मी. ठेवा राखायला दिला तोही गळक्या मडक्याकडे! मी चाल सांगू शकलो नाही, तर वहीत उरणार नुसते शब्द. ज्या आवाजाने माझं घर उजाडायचं तो माझ्याबरोबरच मातीत जाणार. तिला एकदा पुरून झालं होतं. दुसऱ्यांदा पुरायची माझी तयारी नव्हती.

मुलीला फोन केला. श्रुतिका पुण्यात नर्स आहे, पाचवीपासून वसतिगृहात शिकली. तिला पहिली ओळ अर्धीमुर्धी आठवत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणून दाखवा ना." मी म्हणून दाखवली. मग ती म्हणाली, "बाबा, नको," आणि हसायलाच लागली. मीही हसलो. हसता हसता दोघेही रडायला लागलो आणि फोन ठेवून दिला.

शेवटी कुशाबाला गाठलं. हा आमच्या वाडीच्या भजनी मंडळाचा बुवा. पेटी त्याची, आवाज त्याचा आणि टाळकऱ्यांना शिव्याही त्याच्याच. मी अडचण सांगितली तसा म्हणाला, "म्हना बगू." मी म्हटलं. कुशाबाने पेटीचा भाता सोडला.

"डायवर, तुमच्यानं नाय व्हायचं ह्ये."

"ते मला चौतीस वर्षांपासून ठाऊक आहे," मी म्हणालो. "पण मला आठवतंय सगळं. डोक्यात अगदी लख्ख आहे. तोंडाशी आलं की बिघडतं."

कुशाबा डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "मंग आसं करू. मी वाजवतो, तुमी निस्तं हाय का नाय येवढंच सांगा."

पडवीत पेटी मांडून आम्ही बसलो. तो एक सूर दाबायचा. मी म्हणायचो, नाही. दुसरा दाबायचा. नाही. तिसरा. "हा! हाच! पण याच्यावर ती जरा रेंगाळायची." पहिली ओळ सापडायला पहिला अख्खा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी कुशाबा एक जागा मुद्दाम चुकवून बघायला लागला. मी दर वेळी पकडली. त्याने पेटीवरून हात काढले आणि माझ्याकडे टकामका बघत राहिला.

"डायवर, तुमचा कान तर सोन्याचा हाय! येवडी वर्सं कुटं दडवला व्हता?"

इंजिनाचा सूर जरा बदलला तरी मला कळायचं, कुठला बोल्ट ढिला झालाय ते मी पुढे बसून सांगायचो. पण तोच कान गाण्यालाही चालतो, हे सहासष्टाव्या वर्षी समजलं. मी बेसूर नव्हतो. निदान निम्मा तरी नव्हतो. हे जिला सगळ्यात आधी सांगायचं असं एकच माणूस, आणि तेच नाही. मला त्या क्षणी इतका आनंद झाला आणि लगेच इतकं वाईट वाटलं, की मी उठून उगाच अंगणात जाऊन आलो.

चौथ्या दिवशी तीन कडवी पुरी झाली. कुशाबाने सलग वाजवून म्हटली तेव्हा माझ्या नाकाला तव्यावरच्या भाकरीचा वास आला. खोटं नाही सांगत.

मग कुशाबाने वहीचं पान उलटलं. "आनि ह्ये चवथं?"

चौथं कडवं होतं खरं. ती गेल्यावर वहीतच मी ते पहिल्यांदा पाहिलं होतं.

वळणावरती पुढे तू हो रे,
धुक्यात त्याला जवळ कर;
गेले ते माझे, तुझेही आहे,
सांजेस त्याला दाखव घर.

हरवलेल्या मेंढराचं असेल, असं मी धरून चाललो होतो. आमच्या निम्म्या गीतांत मेंढरू असतंच.

"त्याच चालीत बसव की," मी म्हणालो.

कुशाबाने दोनचारदा घोळवून पाहिलं. "नाय बसत. ह्याचं वजनच निराळं हाय. बाईंनी चाल येगळी लावली आसंल. तुमी ऐकलंच आसंल की."

मी डोळे मिटले, कान उघडे ठेवले. काही नाही. तीन कडवी लख्ख आणि त्यापुढे सामसूम. रिटायर होऊन मी सात वर्षं तिच्यासमोर घरात बसलो होतो, तेव्हाही ती तिसऱ्या कडव्यालाच थांबायची. गाणं तिथेच संपतं असं मी समजलो होतो.

"मी लावतो येक चाल," कुशाबा म्हणाला. "कुनाला समजनार हाय?"

"मला समजेल!" मी ओरडलो. "तिची चाल पाहिजे मला. तुझी घेऊन काय करू? भजनाला बसू?"

बिचारा चार दिवस भात झोडणी सोडून माझ्यासाठी बसला होता. त्याने नुसती मान खाली घातली. मला माझीच लाज वाटली, पण माफी मागायला तोंड उघडेना.

शेजारच्या खळ्यात आवडीवहिनी भात वाळत घालत होत्या. आमचा आणि त्यांचा बांध एकच. नवरा लवकर गेला, मुलगा भरत मुंबईला कामाला. माझा आवाज ऐकून त्या सूप हातात तसंच घेऊन पडवीशी आल्या.

"काय झालं, डायवरभाऊ? का वराडता?"

कुशाबाने सांगितलं. शेवटच्या कडव्याची चाल मिळत नाही, भाऊंनी ती कधी ऐकलीच नाही.

"ते कसं ऐकतील?" आवडीवहिनी म्हणाल्या. "ते तर भाऊ गेल्याव म्हनायची बाय."

मला कळेना. "कुठे गेल्यावर?"

"डूटीला. तुमी येष्टी घिऊन फाट्यावरनं जाताना हारन नाय का वाजवायचा? तो हारन झाला की बाय हातातलं टाकून हितं, ह्या पायरीव यायची. घाटाकडं तोंड करून येवडं येक म्हनायची नि मंग आत जायची. दरड पडली आसंल त्या दिवशी तर तीन तीनदा म्हनायची. मी ह्या बांधाव रोज ऐकायची. मला वाटायचं, तुमच्यात तसा नेमच आसंल."

मी पायरीवरच बसलो. तो हॉर्न मी गंमत म्हणून द्यायचो. मी निघालो, मजेत आहे, एवढंच त्यात असायचं. मेंढरू वगैरे काही नव्हतं. धुक्यातल्या वळणावर तिने ज्याला देवाच्या हवाली केलं होतं, तो मी होतो. वर्षानुवर्षं, रोज, माझ्या पाठीमागे.

"आणि मी रिटायर झाल्यावर?" मी विचारलं.

"मंग कशाला म्हनंल? तुमी घरातच की."

कुशाबाने हळूच विचारलं, "वैनी, चाल येती तुमाला?"

"येती म्हंजे? माझा भरत मुंबैला जायला निंगाला की मी बी म्हनते. शब्द ठाव नायत, निस्ती चाल." आणि सूप खाली ठेवून, पदर सारखा करून त्यांनी ती म्हटली. आवाज फाटका, दम कमी. पण माझ्या त्या सोन्याच्या कानाला एका क्षणात कळलं की ही तिचीच. तिसऱ्या कडव्यात ती जशी रेंगाळायची तशीच इथेही रेंगाळत होती. चाल संथ होती, घाट चढणाऱ्या माणसाला पुरेल अशी. कुशाबाची बोटं पेटीवर फिरत होती आणि मी पायरीवर बसून ऐकत होतो. ज्या पायरीवर ती उभी राहायची.

चाल मिळाली. कुशाबाने दोनदा वाजवून पक्की केली. माझं काम झालं होतं, पण आवडीवहिनी जागच्या हलेनात. सुपातले दाणे उगाच इकडचे तिकडे करत होत्या.

"भाऊ, येक इचारू? रागवू नका."

"विचारा की."

"बायला गाडीतनं नेली ना, तवा तुमी बी तिच्यासंगं गाडीत बसलाव. मागं म्हनायला कोन नव्हतं. म्हनून मी म्हटलं. ह्याच पायरीव हुबी ऱ्हाऊन, गाडी फाट्याव वळंस्तोवर म्हटलं." त्यांनी सुपातले दाणे परत गोळा केले. "पन मला शब्द कुटं ठाव? तुमच्या देवाला निस्ती चाल काय कळनार? म्हनून बाय परत आली नाय का, भाऊ? वरीस झालं, तेच डोस्क्यात बसलंय. कुनाला इचारू?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "तसं नसतं."

पण तसं का नसतं, हे मला सांगता येईना. पाळकसाहेबांनी चार ओळींत सांगितलं असतं. मला एवढंच कळत होतं की वर्षभर एका बांधाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं एकाच गुन्ह्याचं ओझं वाहत होतो. माझ्या मनात रस्ता होता, त्यांच्या मनात शब्द. गुन्हा दोघांनीही केला नव्हता.

मी वही उघडली आणि ते कडवं त्यांना वाचून दाखवलं. एकेक ओळ, सावकाश. त्या मान हलवत ऐकत होत्या, ओठांनी पुटपुटत होत्या. शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या.

"सांजेस त्याला दाखव घर," त्यांनी परत म्हटलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊ, तुमी तिच्यापाशी व्हताव. बायला दिसलं का वो घर?"

सव्वापाच वाजले होते. मी रस्त्याकडे बघत होतो.

"दिसलं, वहिनी," मी म्हणालो, आणि पायरीवर बसल्या जागी मला ओक्साबोक्शी रडू आलं.