आत्याचं कासव

वॉशिंग मशीन तीनदा टिणटिणलं आणि दुपारची शांतता मोडली. तिनं आधी आतल्या खोलीकडे कान दिला. मुलीनं कूस बदलली, पण उठली नाही. म्हणजे अजून अर्धा तास हातात होता. कपडे काय, नंतरही वाळत घालता येतील.

लॅपटॉपवर तिचा स्वतःचा गेम उघडा होता. बेरीज-वजाबाकी करत करत पूल बांधणारी, नदी ओलांडणारी मुंगी. मुलीच्या झोपेच्या वेळा एकमेकींना जोडत दोन वर्षांत तिनं तो उभा केला होता. आजवर एक्केचाळीस जणांनी घेतला. त्यातले निम्मे नातेवाईक, आणि एक तर तीच, जुन्या फोनवरून.

बोटं मात्र सवयीनं दुसऱ्याच पानावर गेली. नणंदेचा गेम. अंड्यातून कासव निघतं, त्याला रोज खाऊ घालायचं, मोठं करायचं. झालं, एवढंच. कॉलेजच्या सुट्टीत दोन महिन्यांत केलेला. सकाळपर्यंत नऊ हजार जणांनी घेतला होता, आता साडेनऊ हजार.

"तिचं डोकं पहिल्यापासूनच चालतं," काल जेवताना नवरा म्हणाला होता. मग ताटावरून नजर उचलून, "तुझाही छान आहे गं."

त्या ‘ही’चा खडा अजून तिच्या दाताखाली होता.

गेम लोकांपुढे येण्याआधी नणंदेनं तो तिच्याकडेच पाठवला होता. "वहिनी, तुझ्या त्या म्हाताऱ्या फोनवर चालला तर कुठंही चालेल. चुका काढ हं, भीड ठेवू नकोस."

म्हातारा फोन म्हणजे वीस टक्के बॅटरी दाखवता दाखवता अचानक डोळे मिटणारा. तो मुलीच्या हातात असायचा. चौथ्या दिवशी असाच बंद पडला, आणि पुन्हा सुरू केला तेव्हा कासव नव्हतं. पहिल्या दिवसाचं अंडं होतं.

कारण तिला तिथल्या तिथं कळलं. कासव कुठवर वाढलं हे जपून ठेवताना नणंदेचा गेम जुनी नोंद आधी पुसत होता, मग नवी लिहीत होता. त्या मधल्या क्षणात फोन बंद पडला, की हाती काहीच उरत नाही. मुंगीच्या वेळी तिनंही हेच केलं होतं, आणि ते शोधायला तिला अकरा दुपारी लागल्या होत्या. नवं लिहून होईपर्यंत जुनं पुसायचं नाही. अकरा दुपारींची कमाई एवढीच. नणंदेचा फोन कोरा करकरीत. तिला हे कधी दिसलंच नसतं.

तिनं निरोपात सगळं नीट लिहिलं. मग शेवटच्या तीन ओळी पुसल्या. ‘मस्त झालाय. काही अडचण नाही,’ एवढंच ठेवलं. लागू देत तिलाही अकरा दुपारी.

आठवड्याभरात गेम आला. शेवटच्या पानावर आभार होते : ‘माझ्या वहिनीला. तिनं तपासलाय, म्हणून मी निर्धास्त.’ ते पान तिनं एकदाच उघडलं होतं.

शेवटी उठून ती कपडे बादलीत काढू लागली, तोच फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला.

"वहिनी, झोपली होतीस?"

"मला कुठली दुपारची झोप? बोल."

"माझी तर रात्रीचीही उडालीय. अगं, लोक नुसते तोंडसुख घेतायत. कुणाकुणाचं कासवच नाहीसं होतंय. एका बाईनं लिहिलंय, तिची मुलगी दोन दिवस धड जेवली नाही." नणंदेचा आवाज बसला होता. "सहा दिवस शोधतेय. माझ्या फोनवर होतच नाही, तर शोधू कुठं? दादाला नको सांगूस. मी आज काढूनच टाकते गेम. माझं काम नव्हे हे."

मशीननं पिळलेला फ्रॉक तिनं पुन्हा पिळला. थेंबही निघाला नाही.

"वहिनी? तुला तेव्हा काही दिसलं होतं का गं?"

"आठवून सांगते," ती म्हणाली. "इतक्यात काढू नकोस."

"तुला दिसलं असतं तर तू सांगितलंच असतंस म्हणा. मी पण ना!"

दारात मुलगी येऊन उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ, हातात जुना फोन.

"आत्या आहे?"

"आहे गं सोन्या," फोनमधून आवाज आला. "तुझं कासव तरी ठीक आहे ना?"

"हो. पण हे दुसरं आहे. पहिलं गेलं ना."

पलीकडून हळूच, "कधी गं?"

"खूप दिवस झाले. मी रडले होते. आई म्हणाली, रडू नको, मी आत्याला सांगते, आत्या नीट करेल."

बादलीच्या कडेला टेकवलेल्या फोनवर सेकंद पुढे सरकत होते. मुलगी जवळ आली, तिच्या मांडीवर रेलली आणि मान वर करून, अगदी सहज, तिनं विचारलं,

"आई, मग तू आत्याला काय सांगितलंस?"