उजवीकडची बटणं

देवरावांच्या कॅसेटच्या मशीनला हात लावायची परवानगी घरात फक्त मला होती, आणि तीही पुसण्यापुरती. कोराडीत वीजकेंद्राची राख कुठेही शिरते. आवाज जाड-बारीक करायच्या इक्वलायझरच्या उभ्या फटींत तर अशी बसते, की बटणं खालीवर सरकवल्याशिवाय निघत नाही. पण एखादं बटण जरा हललं, तरी आमचे हे घर डोक्यावर घ्यायचे. म्हणून आमची लेक पिंकी लग्नाआधी एक युक्ती करून गेली. प्रत्येक बटणाशेजारी तिने नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका दिला. पुसून झालं की बटण ठिपक्यावर आणायचं. पुढे यांनी बटणं नव्या जागी सरकवली, तेव्हा मी लाल बाटलीतून नवे ठिपके दिले.

रविवारी हे आंघोळीला गेले आणि मी मशीन पुसायला घेतली. लाल ठिपके राखेखाली गेले होते. गुलाबी दिसले, त्यांवर मी बटणं आणून ठेवली.

हे आले, कॅसेट लावली. पिंकीने शाळेत असताना म्हटलेली प्रार्थना. थोडं ऐकून यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"काहून वं, मशीनले हात लावला का?"

"पुसली न जी. ठिपक्यावरच ठेवलं सारं."

"मंग पिंकी कांबळ पांघरून काहून गाऊन राहिली?"

"मले तर साफ ऐकू येते."

"तुले काय समजते त्यातलं! स्पीकर बसला. सीताबर्डीतून कृष्णकांत मेकॅनिकले घेऊन येतो."

"आज रविवार आहे. उद्या जा न."

"उद्यापर्यंत मुकी ठेवू का पोरीले?"

ते हसले, हेल्मेट घातलं, स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर पडले.

कॅसेट चालूच होती. मी ऐकत बसले. काही महिन्यांपासून ती लावली की घरभर साप फुत्कारल्यासारखा आवाज व्हायचा. मी जुन्या फितीला दोष द्यायची. आज तो आवाज नव्हता. पिंकीचा स्वर कसा स्वच्छ येत होता.

फडकं हातातच होतं. राहिलेली राख पुसली आणि लाल ठिपके वर आले. डावीकडे, जाड आवाजाच्या बटणांपाशी, लाल आणि गुलाबी एकाला एक चिकटून होते. उजवीकडे, बारीक आवाजाच्या बाजूला, लाल ठिपके वर वर चढत गेलेले. शेवटचा तर फटीच्या टोकाला. त्याच्यावर सरकवायला जागाच नव्हती.

मशीनला काही झालं नव्हतं.

दाराची बेल बिघडली म्हणून यांनी नवी आणली होती, मग तीही बिघडली म्हणाले. कुकर शिट्टी देत नाही म्हणून शिट्टी बदलली. यंदा कोकीळ ओरडलीच नाही, असंही म्हणाले होते, आणि मी कामाच्या नादात हो म्हटलं होतं.

मी तशीच बाहेर धावले. बऱ्याच किका मारून स्कूटर आत्ता कुठे सुरू झाली होती, हे गल्लीच्या मध्यावर पोचले होते.

"अवो! थांबा न जी!"

माझा आवाज पहिल्यापासून बारीक. समोरची वंदना हातात लाटणं घेऊन दारात आली. गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. हे चालले होते, मान ताठ, काही घाई नाही.

गल्लीच्या तोंडाशी डावीकडे उंच भिंत आहे. भिंतीमागे कोळशाचे ट्रक उभे राहतात. ट्रक मागे यायला लागला की आधी त्याची बारीक टीं टीं ऐकू येते, मग तो दिसतो. आम्ही सगळे त्या टीं टींवरच थांबतो.

ती सुरू झाली.

"देवराव!" मी ओरडले. लग्न झाल्यापासून हे नाव मी तोंडाने कधी घेतलं नव्हतं.

टीं टीं जवळ येत होती. वंदनाने ती ऐकली, तिच्या हातातलं लाटणं खाली पडलं. मी स्कूटरच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत राहिले. ब्रेक दाबला की तो लागतो.

तो लागला नाही.