दर्याच्या वाट्याचं घर

माल तपासायला आलेल्या फौजेच्या साहेबानं जाळ्यात हात घातला आणि त्याची अख्खी मूठ आरपार गेली. ती तशीच वर धरून त्यानं विचारलं,

“हे काय आहे, बुधाजी?”

करंज्याच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या सावलीत, नवी जाळी एकावर एक रचून ठेवली होती. बुधाजी कोळी त्यांच्या शेजारी उभा होता. त्यानं मान खाली घातली. हे काम गावात आणणारा दलाल दयाराम मात्र घाबरला.

“चुकून ऱ्हायलं असंल, सायब.”

“प्रत्येक जाळ्यात? आणि त्याच कोपऱ्यात?”

चूक कसली डोंबलाची! बुधाजीच्या घराण्यात जाळं विणताना एक घर, दोऱ्यांमधला एक चौकोन, गाठ न मारता मोकळं सोडायचे. तो दर्याचा वाटा. त्यातून निसटेल ते दर्याचं, उरेल ते आपलं. त्याच्या थोरल्या मुलानं, सदानं, एका वर्षी हसत हसत ते घर बांधून टाकलं होतं. “मोठा रावस तिथनंच निसटतो, बाबा,” म्हणाला होता. त्याच हंगामात त्याची होडी गेली ती परत आली नाही. तेव्हापासून त्या घराला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

आता हे जाळं मासळीचं नव्हतं. आदल्या साली चीनशी लढाई झाली आणि फौजेला लागणारं सामान परदेशातून मागवत बसायचं नाही, आपल्याच देशात करायचं, असं वर दिल्लीत ठरलं. कुठं बंदुका, कुठं बूट. करंज्याच्या वाट्याला तोफा झाकायची जाळी आली. जाळ्यावर हिरव्या-मातकट चिंध्या बांधल्या की खालची तोफ वरून झुडपासारखी दिसते, असं दयारामनं सांगितलं, तेव्हा बुधाजीची बायको काशी चुलीपुढून उठून बाहेर आली होती. तिचा धाकटा चंदर तोफखान्यात होता, बर्फातल्या कुठल्याशा ठाण्यावर. “आन हिकडं ती सुई,” एवढंच ती म्हणाली आणि त्या दिवसापासून नवऱ्याबरोबर विणायला बसली.

साहेबानं मूठ बाहेर काढली. रागावला नव्हता तो, थकलेला दिसत होता.

“बुधाजी, काम बाहेरच्या मालापेक्षा घट्ट आहे, हे मी लिहून देईन. पण या भोकाला चिंधी बांधता येत नाही. इथून ऊन आत शिरतं आणि खालचं लोखंड चमकतं. विमानातला माणूस नेमकं तेच शोधत असतो. उद्या सकाळी ट्रक येईल. तोवर सगळी बंद करा.”

बुधाजीनं पहिल्यांदाच मान वर केली.

“सायब, ही जाळी कंच्या तोफंवर जानार?”

“ते मलाही ठाऊक नसतं. कुठल्याही.”

साहेब गेला. दुपारभर बुधाजी पहिलं जाळं मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. सुईत दोरा भरलेला, पण हात काही पुढं सरकेना. काशी त्याच्यासमोर येऊन बसली.

“बांधू नका.”

“सायब काय बोल्ला त्ये आयकलंस ना?”

“आयकलं. सदाचं काय झालं, त्ये बी पायलंय म्या.”

“थितं दर्या न्हाय, काशे. बरफ हाय. वर इमान फिरतंय.”

“वाटा मागनारा कोन बी आसंल,” ती म्हणाली. “घेतल्याबिगर ऱ्हातोय का त्यो?”

भोक ठेवावं तर पोराच्या डोक्यावर ऊन चमकतं. बांधावं तर सदा आठवतो. बुधाजीचे डोळे भरून आले, आणि ते काशीला दिसू नयेत म्हणून त्यानं मान खाली घालून गाठ मारली. एकदा मारली तशी मग दुसरीही मारली. काशी उठून मागच्या पडवीत गेली. दिवेलागणीपर्यंत सगळी जाळी बंद झाली. तोवर ती बाहेर आली नाही.

सकाळी ट्रक आला. साहेबानं दोन-चार जाळी उलगडून मूठ घालून पाहिली. मूठ अडली. “शाबास,” म्हणाला, आणि माल चढवून ट्रक उरणच्या रस्त्याला लागला. धूळ खाली बसेपर्यंत बुधाजी बघत राहिला.

भरती सरत आली होती. त्यानं मागच्या पडवीतून आपलं मासळीचं जाळं काढलं. पावसाळाभर खपून विणलेलं, यंदा पहिल्यांदाच पाण्यात उतरायचं. होडीत घालायला म्हणून त्यानं ते वाळूवर पसरलं आणि तो खालीच बसला.

जाळं कापलेलं होतं. एका बाजूनं ओळीनं घरंच घरं कोयत्यानं मोकळी केलेली. रागानं फाडलं असावं तसं नव्हतं ते. फाट पुढं जाऊ नये म्हणून प्रत्येक घराच्या कडा दोऱ्यानं नीट बांधून घेतल्या होत्या. त्यानं मोजली. ट्रकमधून जेवढी जाळी गेली, तेवढीच घरं. एवढ्या भोकांच्या जाळ्यात काय राहणार होतं, आणि दोघं वर्षभर खाणार तरी काय होती?

काशी टोपली घेऊन होडीपाशी उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

“काशे, जाळं...”

“व्हय. म्याच.”

कमरेची सुई त्याच्या हातात आली होती.

“शिवू?”

“चंदर येऊ दे,” ती म्हणाली. “मंग शिवा.”

बुधाजीनं सुई परत कमरेला खोचली. जाळं होतं तसंच गोळा करून त्यानं होडीत टाकलं आणि होडी पाण्यात लोटायला तिला हाक मारली.