झाडांची कंबर

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, मित्रांनो. मापं घेणारा, पिवळा, कापडी. जन्माला आलो कारखान्यात, पण शहाणपण आलं ते शिंपीणबाईंच्या गळ्यात. गिऱ्हाईक आलं, की मी त्याच्या कमरेभोवती फिरे आणि ते पोट आत ओढून श्वास रोखून उभं राही. तरीही मी खरा आकडा दाखवला, की माझ्याकडे बघून नाक मुरडे. "बाई, जरा सैल ठेवा," असं पुटपुटत निघून जाई. खरं बोलणाऱ्याचं कौतुक कुणाला असतं!

एके दिवशी बाईंचा धाकटा भाऊ मला मागून घेऊन गेला. त्याने शेताच्या बांधावर आणि मागच्या पडीक जमिनीवर झाडं लावली होती. झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात आणि खोडात, मुळांत साठवून ठेवतात. खोड जितकं जाड, तितका साठा मोठा. म्हणून दरवर्षी खोडांची मापं घेऊन ती कार्बनच्या साठ्याचा हिशेब ठेवणाऱ्या मॅडमना कळवायची होती. थोरल्या भावाला मात्र हे थेर वाटत होतं.

"नुसती जागा अडवून उभी आहेत," तो म्हणाला. "पुढच्या मोजणीत वाढली नाहीत, तर तोडायची. कबूल?"

"कबूल, दादा," धाकटा म्हणाला.

मित्रांनो, झाडांना मिठी मारली आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला. झाडं पोट आत ओढत नाहीत! आणि जाड असल्याबद्दल तिथे चक्क शाबासकी मिळते. आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलून कुणाचा राग ओढवला नाही.

पण गरज सरो, वैद्य मरो. मोजणी संपताच धाकट्याने मला पडवीतल्या दोन खांबांना ताणून बांधलं आणि माझ्यावर ओल्या चादरी वाळत घातल्या. तेही वर्षभर! मी बिचारा ताणला गेलो आणि माझ्या अंगावरच्या रेघा एकमेकींपासून लांब सरकल्या.

पुढची मोजणी आली. पहिलं झाड गेल्या वर्षीपेक्षा बारीक भरलं. दुसरंही बारीक. एकजात सगळी बारीक! पानं हिरवीगार, फांद्या डोक्यावर गेलेल्या, आणि खोडं मात्र रोडावलेली. धाकटा रडकुंडीला आला.

"हवा खाऊन कुणी जाड होतं का?" थोरला म्हणाला आणि त्याने लाकूडतोड्याला बोलावलं.

करवत घेऊन तो आला, तेव्हा बाईही आल्या होत्या. यातल्या कितीतरी रोपांना त्यांनी हाताने पाणी घातलं होतं. त्यांनी मला उचललं आणि सवयीने स्वतःच्याच कमरेभोवती गुंडाळलं.

"अगंबाई! दोन इंच उतरली की!"

त्यांचा चेहरा असा खुलला, की आता या गप्प बसणार, अशी मला धास्तीच वाटली. मग त्यांनी धाकट्याकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"दादा, थांब. झाडं बारीक झालेली नाहीत. टेप ताणून सैल झालाय."

"कशावरून?"

"परवाच नव्या कपड्याचं कमरेचं बटण तुटून उडालं माझं. आता चारचौघांत आणखी काय काय सांगू?"

लाकूडतोड्याने हसू दाबत पिशवीतून स्वतःचा लोखंडी टेप काढला.

"आधी झाडं मोज!" बाई गरजल्या.

त्याने मोजली. प्रत्येक झाड चांगलं गुटगुटीत झालं होतं. थोरल्याने दोनदा मोजायला लावलं, मग एका खोडावर थाप मारली. "फुगलीत की लेकाची!" म्हणत त्याने करवतवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

आता मला कुणी मापाला घेत नाही. एका कोवळ्या रोपाला काठीशी बांधून ठेवायचं काम माझ्याकडे आहे. मित्रांनो, मापाच्या वस्तूवर चादरी वाळत घालू नका, एवढं तर ऐकाच. आणि रोप लावलंत, की ते विसरूनही जाऊ नका. हे माझं रोप दिवसेंदिवस जाड होतंय. माझी गाठ त्याला रुतायला लागलीय. त्याला बोलता येत नाही, म्हणून मीच सांगतो. बाई, जरा सैल ठेवा!